तुटलेल्या बोटाची नोंद

भोसरी एमआयडीसीच्या एस ब्लॉकात किंवा टेल्को रोडच्या आतल्या गल्ल्यांत प्रेस शॉपमधला अपघात दोन वाक्यांत सांगून होतो. ‘प्रेसनं डबल स्ट्रोक मारला. दोन पेरं गेली.’ पहिल्या वाक्यात कारण आलं. पायडल एकदाच दाबलं होतं, पण क्लच वेळेवर सुटला नाही, आणि तयार तुकडा काढायला हात डायमध्ये असताना रॅम दुसऱ्यांदा खाली आला. दुसऱ्या वाक्यात नुकसान आलं, तेही मोजून. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटाला तीन पेरं आणि अंगठ्याला दोन. ‘दोन पेरं गेली’ म्हणजे बोटाच्या तीन हाडांपैकी टोकाकडची दोन गेली. शरीररचनेच्या पुस्तकाला यापेक्षा वेगळं काही सांगायचं नसतं.

गंमत अशी, की एवढी नेमकी माहिती कामगाराच्या तोंडून निघते आणि कागदावर येईपर्यंत धूसर होते. कॅज्युअल्टीच्या कागदावर ‘क्रश इंज्युरी, राइट हँड’ लिहिलं जातं, डिस्चार्ज कार्डावर ‘टिप इंज्युरी, इंडेक्स फिंगर’, आणि कंपनीच्या अपघात अहवालात नुसतं ‘बोटाला इजा’. याच कागदांवरून पुढे भरपाई ठरते, दिव्यांग प्रमाणपत्र ठरतं आणि कृत्रिम अवयव बसेल की नाही तेही ठरतं. अंगविच्छेदनाची परिभाषा हा विषय वैद्यकीय महाविद्यालयातल्या तोंडी परीक्षेपुरता वाटतो. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात मात्र त्याचा हिशेब थेट रुपयांत होतो.

वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या अपघातांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. मानेसर-गुरुग्राम पट्ट्यातून तिचं काम सुरू झालं आणि पुढे पुणे परिसराकडेही वळलं. अहवालांतलं चित्र दरवर्षी तेच असतं: सर्वाधिक इजा पॉवर प्रेसवर, आणि त्यांत सर्वाधिक बळी बोटांचा. अंगविच्छेदन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुबडी आणि पाय येतो. इथलं अंगविच्छेदन बोटांचं आहे, आणि बोटांबाबतच आपल्या नोंदी सगळ्यांत ढिल्या आहेत.

‘टिप’ हा शब्दच घ्या. हाताच्या सर्जनला तो एकसंध वाटत नाही. ॲलनच्या वर्गवारीत बोटाच्या टोकाचे चार प्रकार आहेत: नुसती कातडी आणि गर गेला तो पहिला, नखही गेलं तो दुसरा, शेवटच्या पेराच्या हाडाचा भाग गेला तो तिसरा, आणि नखाच्या मुळावरच्या पांढऱ्या चंद्रकोरीच्याही मागे काप गेला तो चौथा. उपचार यावरून बदलतात. पहिल्यात बरेचदा पट्टी बांधून जखम आपोआप भरू देतात. हाड उघडं पडलं असेल तर दोन वाटा उरतात. एक, हाड थोडं मागे घेऊन, म्हणजे आखूड करून, कातडी त्यावर ओढून शिवायची. ऑपरेशन थिएटरमध्ये याला ‘टर्मिनलायझेशन’ म्हणतात. दुसरी, शेजारच्या बोटाची किंवा जांघेची कातडी आणून लांबी वाचवायची. जांघेची कातडी वापरली तर हात तीनेक आठवडे तिथंच जोडून ठेवावा लागतो. ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेला, खोलीभाड्याची चिंता असलेला तरुण यातली कुठली वाट निवडेल हे सांगायला नको. तो ‘लवकर सोडा’ म्हणतो. त्यात सर्जनचं चुकतं असंही नाही. लहान, पण चांगल्या मांसल टोकाचं बोट हे लांब पण दुखऱ्या बोटापेक्षा कामाला बरं, हे मत जुनं आणि अनुभवाचं आहे. मुद्दा एवढाच, की पहिल्या दिवशी ‘टिप’ लिहिलेलं बोट शस्त्रक्रियेनंतर एका पेरानं कमी झालेलं असू शकतं. म्हणून नोंद अखेरच्या स्थितीची हवी, एक्स-रेसकट.

तुटलेलं बोट परत जोडण्याबद्दल थोडं. जपानमधल्या नारा इथं कोमात्सू आणि तामाई यांनी 1965 मध्ये पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली जोडून दाखवला, तेव्हापासून ही शक्यता खरी झाली. बोटात स्नायू नसतात. त्यामुळे रक्तपुरवठ्याविना ते नीट थंड ठेवलं तर चोवीस तासांपर्यंत टिकू शकतं, साध्या तापमानात साधारण बारा तास. दंड किंवा मांडीसारख्या स्नायूंच्या भागाला सहाच तास. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फात ठेवायची. बोट थेट बर्फात टाकलं तर पेशी गोठून मरतात. पण प्रेस कापत नाही, चिरडते. कटिंग मशीनवर स्वच्छ तुटलेलं बोट आणि डायमध्ये सपाट झालेलं बोट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दुसऱ्या प्रकारात जोडण्यासारख्या रक्तवाहिन्याच उरत नाहीत. त्यामुळे ‘बोट बरोबर नेलं होतं तरी डॉक्टरांनी जोडलं नाही’ या तक्रारीत अनेकदा डॉक्टरांचा दोष नसतो. ‘कट’ आणि ‘क्रश’ हा भेद कागदावर तेवढ्यासाठीही हवा.

आता कायदा. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात इजांचा तक्ता होता. कर्मचारी राज्य विमा कायद्यातही तोच होता आणि नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनंही तो जवळपास तसाच पुढे नेला आहे. त्यातले मापांचे आकडे प्रथम वाचणाऱ्याला विचित्र वाटतात. खांद्याच्या टोकापासून 20.32 सेंटिमीटर, कोपराच्या टोकाखाली 11.43, गुडघ्याखाली 8.89. एवढी सूक्ष्म मोजमापं कुणी केली? कुणीच नाही. हे अनुक्रमे आठ, साडेचार आणि साडेतीन इंच आहेत, दशमान पद्धत आली तेव्हा गुणाकार करून टाकले, इतकंच. ब्रिटनमधल्या औद्योगिक इजांच्या तक्त्यातही बोटांचे हेच टक्के आहेत. म्हणजे भोसरीतल्या बोटाची किंमत ज्या फूटपट्टीनं मोजली जाते ती इथं बनलेली नाही.

त्या तक्त्यात बोटांचा हिशेब पेरांनीच आहे. तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता 14 टक्क्यांनी घटली असं धरतात. दोन पेरं गेली तर 11, एक गेलं तर 9, आणि हाड शाबूत राहून फक्त टोक उडालं तर 5. मधल्या बोटाला 12, 9, 7 आणि 4. अनामिका किंवा करंगळीला 7, 6, 5 आणि 2. अंगठ्याचं मोल वेगळं: पूर्ण अंगठा 30, त्याचं शेवटचं पेर 20. अख्खा पंजा 60.

हे टक्के रुपयांत मांडून पाहू. 1923 च्या कायद्याच्या सूत्रात मासिक वेतनाचे 60 टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक असा हिशेब असे, आणि 2020 पासून त्यासाठी वेतनाची कमाल मर्यादा 15,000 रुपये होती. पंचविशीतल्या कामगाराचा गुणांक 216.91. म्हणजे पूर्ण अपंगत्वाला 19,52,190 रुपये. तर्जनीचं एक पेर गेलं तर त्याचे 9 टक्के, सुमारे 1,75,700. हाडाविना टोक गेलं तर 5 टक्के, सुमारे 97,600. दोन्हींत 78,000 रुपयांचा फरक, आणि तो ठरवणारी गोष्ट एक्स-रेवर दिसणारा हाडाचा एक छोटासा तुकडा. केसपेपरवर नुसतं ‘टिप इंज्युरी’ असेल तर हा तुकडा होता की नव्हता हे वैद्यकीय मंडळापुढे सहा महिन्यांनी सिद्ध करत बसावं लागतं. राज्य विमा योजनेत असलेल्या, म्हणजे 21,000 पर्यंत पगाराच्या, कामगाराला एकरकमी पैसे न मिळता याच टक्क्यांच्या प्रमाणात दरमहा आयुष्यभर लाभ मिळतो. तिथं हा फरकही आयुष्यभर चालू राहतो.

तक्त्यातली एक विसंगती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. एका हाताची ‘दोन बोटं’ गेली तर 20 टक्के, अशी वेगळी नोंद त्यात आहे. पण तर्जनी आणि मधलं बोट सुटं मोजलं तर 14 अधिक 12, म्हणजे 26. उलट अनामिका आणि करंगळी सुटी मोजली तर 14 आणि एकत्र 20. चारही बोटांची सुटी बेरीज 40, एकत्रित नोंद 50. यातली कुठली ओळ लावायची यावर युक्तिवाद होऊ शकतो, आणि तो करायचा तर कोणती बोटं, कुठल्या सांध्यापर्यंत, हे मुळात लिहिलेलं हवं. ‘उजव्या हाताची बोटं कापली’ या वाक्यावर काहीच उभं राहत नाही. तक्त्याखाली एक टीपही आहे. अवयव तुटला नसला पण त्याचा वापर कायमचा आणि पूर्णपणे गेला असेल, तर तो गेला असंच समजायचं. जोडलेलं पण ताठ, निर्जीव झालेलं बोट या टिपेखाली येऊ शकतं. किती दावे तिचा आधार घेतात कोण जाणे.

याच तक्त्यात ‘गिलोटिन’ हा शब्द हाडाला धक्का न लागता उडालेल्या टोकासाठी येतो. सर्जनच्या भाषेत मात्र गिलोटिन अँप्युटेशन म्हणजे जंतुसंसर्ग झालेला हात किंवा पाय जीव वाचवण्यासाठी एका पातळीवर सरळ कापून जखम उघडी ठेवणं. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला की शब्द तोच राहतो आणि अर्थ पार बदलतो.

न्यायालयांनी तक्त्याला अंतिम मानलेलं नाही. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता 100 टक्के गेली हा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं सत्तरच्या दशकात कायम ठेवला. 2010 मध्ये, मोटार अपघाताच्या एका प्रकरणात, याच न्यायालयानं शारीरिक अपंगत्वाचा टक्का आणि कमाईतला तोटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सविस्तर मांडलं. तोच डावा हात चालकाचा किंवा सुताराचा असेल तर तोटा जवळपास शंभर टक्के, सरकारी कारकुनाचा असेल तर कदाचित नोकरीच जाणार नाही. प्रेस ऑपरेटरच्या केसपेपरवर त्याचा धंदा आणि तो डावरा आहे की उजवा हे लिहिण्याची पद्धत नाही. मला तर हा सगळ्यांत स्वस्तात करता येण्याजोगा बदल वाटतो.

दिव्यांग प्रमाणपत्राचा हिशेब याहून निराळा. 2001 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत बोट बुंध्यापासून गेलं तर तर्जनीला 15 टक्के, मधल्याला 5, अनामिकेला 3 आणि करंगळीला 2 असं कोष्टक दिलं होतं. चारही बोटं गमावलेल्या माणसाची बेरीज 25 होते. भरपाईच्या तक्त्यात त्याच हाताला 50. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातले बहुतेक ठोस लाभ 40 टक्क्यांपासून सुरू होतात. एका कागदावर अर्धी कमाई गेलेला माणूस दुसऱ्या कागदावर पुरेसा दिव्यांग ठरत नाही. दोन्ही तक्ते आपापल्या जागी तर्कशुद्ध आहेत असं म्हणता येईल, एक कमाई मोजतो आणि दुसरा शरीर. पण दोन्हींच्या रांगेत तोच माणूस उभा असतो.

हात-पाय वरच्या पातळीवर तुटतात तेव्हा परिभाषा जरा शिस्तीची आहे. पूर्वी ‘बिलो नी’, ‘अबव्ह नी’, ‘बिलो एल्बो’ असं म्हणत. आपल्याकडे वॉर्डात अजूनही ‘बीके’, ‘एके’ हेच चालतं. 1989 च्या आंतरराष्ट्रीय मानकानं त्याऐवजी ज्या हाडातून काप गेला त्याचं नाव घ्यायचं ठरवलं. नडगीच्या हाडातून गेला तर ट्रान्सटिबियल, मांडीच्या हाडातून ट्रान्सफिमोरल, दंडातून ट्रान्सह्यूमरल. दोन हाडं असतील तिथं मोठ्याचं नाव, आणि सांध्यातून हाड न कापता अवयव सुटा केला तर ‘डिसआर्टिक्युलेशन’. नियम साधा आहे. त्याला पुरून उरली ती माणसांची नावं: एडिंबरोच्या साइमनं 1840 च्या दशकात घोट्यापाशी केलेली, टाचेची कातडी राखणारी शस्त्रक्रिया, फ्रान्सचे शोपार आणि लिसफ्रां, क्रिमियन युद्धातला पिरोगोव्ह. साइमचा पाय आपल्या देशाला विशेष मानवतो, कारण त्या टोकावर वजन पेलतं. रात्री कृत्रिम पाय न चढवता मोरीपर्यंत जाता येतं. दाखल्यांत अशा ‘टोकावर भार पेलणाऱ्या’ अवयवाचा स्पष्ट उल्लेख असावा तो यासाठी.

पण हाडाचं नावही पुरेसं नाही. किती सेंटिमीटर उरलं हे त्याहून महत्त्वाचं. गुडघ्याखाली बारा-पंधरा सेंटिमीटर नडगी उरली तर कृत्रिम पाय उत्तम बसतो. पाच-सहाच उरली तर त्याला धरायला पुरेसा दांडा मिळत नाही. पाय वाचवायचा की कापायचा हा निर्णय पूर्वी हाडांच्या अनुभवी सर्जनच्या अंदाजावर असे. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलनं उघड्या जखमेच्या गंभीर फ्रॅक्चरसाठी गुणांकन तयार केलं. त्यात 14 पर्यंत पाय वाचवण्याचा प्रयत्न, 17 आणि त्यापुढे विच्छेदनाकडे कल, मधले दोन गुण डॉक्टरांच्या विवेकावर. भारतीय रुग्णांवरून तयार झालेलं हे माप बाहेरच्या देशांतही वापरलं जातं.

कृत्रिम अवयवांचा इतिहास पुण्याला नवा नाही. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी सुरू झालं आणि पुढे नागरिकांनाही खुलं झालं. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे. जयपूरमध्ये रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस रबराचं पाऊल घडवलं. बुटाशिवाय चालणारं, मांडी घालू देणारं, शेतातल्या चिखलात टिकणारं. त्याचा एवढा बोलबाला झाला की आज महाराष्ट्रात कुठल्याही कृत्रिम पायाला ‘जयपूर फूट’ म्हणतात. खरं तर ते फक्त पाऊल. त्यावरची नळी, गुडघ्याचा सांधा आणि मुख्य म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ते सॉकेट, या वेगळ्या गोष्टी आहेत. पाय टोचतो, घसरतो, जखमा करतो या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा सॉकेटमध्ये असतं.

इथंच मोफत वाटप शिबिरांबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. विच्छेदनानंतर सूज उतरत जाते आणि उरलेला भाग पहिले अनेक महिने बारीक होत राहतो. दुसऱ्या महिन्यात घेतलेल्या मापाचं सॉकेट सातव्या महिन्यात ढिलं पडतं. मोजे वाढवून काही काळ निभावतं, पुढे नवं सॉकेट लागतं. शिबिर तोवर दुसऱ्या गावी गेलेलं असतं. शिबिरांची सद्भावना खरी, पण कृत्रिम अवयव ही एकदा वाटायची वस्तू नाही, तिला दुरुस्तीचा पत्ता लागतो. पुणे परिसरात रोटरी क्लबांनी दिलेले एलएन-4 हात त्यातल्या त्यात साधे आहेत. एर्नी मेडोज या अमेरिकन औद्योगिक डिझायनरनं अपघातात गेलेल्या आपल्या मुलीच्या आठवणीत तो हात बनवला. त्यात ना मोटर ना बॅटरी, दुसऱ्या हातानं बोटं मिटायची आणि सोडायची. मात्र कोपराखाली पुरेसा हात उरला असेल तरच तो बसतो.

आणि बोटांसाठी काय? भोसरीच्या बहुसंख्य जखमींसाठी शिबिरात काहीच नसतं. सिलिकॉनचं बोट मिळतं, पण त्याची नोंद ‘कॉस्मेटिक’ अशी होते आणि त्या एका शब्दानं ते चैनीच्या यादीत जातं. वास्तविक त्याला ‘पॅसिव्ह’ म्हणायला हवं. ते हलत नाही, पण दुखऱ्या, हुळहुळ्या टोकाला आच्छादन देतं, लांबी देतं, कागद दाबून धरायला उपयोगी पडतं. आणि लग्नाच्या बैठकीत हात मांडीखाली लपवावा लागत नाही, हे काही क्षुल्लक काम नव्हे.

वेदनेच्या नोंदीतही असाच घोळ आहे. अमेरिकन यादवी युद्धातले जखमी पाहिलेल्या सायलस वेअर मिचेलनं 1871 मध्ये आभासी अवयवाला नाव दिलं. नसलेलं बोट खाजतं, मिटल्यासारखं वाटतं, ही संवेदना झाली, ती बहुतेकांना येते आणि तिला उपचार लागतोच असं नाही. नसलेलं बोट ठणकतं ही आभासी वेदना. तिच्यासाठी औषधं आहेत आणि व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात रूढ केलेली आरशाची युक्ती आहे. उरलेल्या टोकावर बोट टेकताच वीज चमकते ती तिसरी गोष्ट, कापलेल्या नसेच्या टोकाला आलेली गाठ, आणि तिच्यावर शस्त्रक्रिया होऊ शकते. तिन्हींना केसपेपरवर एकच शब्द, ‘पेन’. रुग्ण नेमकं सांगत असतो, ‘नाही त्या बोटात दुखतंय’. ऐकणाऱ्याला ते मनाचे खेळ वाटतात, आणि पुढच्या वेळी तो सांगत नाही.

राज्य विमा योजनेत कृत्रिम अवयव मोफत मिळतात आणि ते बसवण्याच्या केंद्रात दाखल असण्याच्या काळाचा भत्ताही मिळतो. नवं काम शिकण्यासाठीची व्यावसायिक पुनर्वसनाची तरतूदही आहे, पण तिला दोन अटी: वय 45 च्या आत आणि अपंगत्व किमान 40 टक्के. आता वरचा तक्ता पुन्हा पाहा. अंगठा 30. दोन बोटं 20. तीन बोटं 30. प्रेसवर सर्वाधिक होणाऱ्या इजा या रेषेच्या अलीकडेच थांबतात. त्यामुळे तर्जनी आणि मधलं बोट गमावलेला कामगार जखम भरल्यावर पुन्हा प्रेसवर येतो, किंवा त्याच शॉपमध्ये पॅकिंगला, कमी पगारावर.

बदल कायद्यात व्हायला वेळ लागेल. कागदात आजही होऊ शकतो. कुठलं बोट, कितवं पेर, हाड गेलं की नाही, उरलेली लांबी सेंटिमीटरमध्ये, कामाचा हात कोणता, आणि अखेरचा एक्स-रे. चिंचवडच्या मोहननगरमधलं राज्य विमा रुग्णालय असो, पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय असो की टेल्को रोडवरचा खासगी दवाखाना, डिस्चार्ज कार्डावर त्यासाठी चार ओळी पुरतात. त्या मराठीत किंवा हिंदीत लिहिल्या तर कामगाराला सही करण्याआधी वाचताही येतील.